रेशीम दोनदा मेली

माझ्या सासूबाईंनी आजवर किती माणसांना तळघरात कोंडून मारलं असेल, ते कंपनीलाही सांगता येणार नाही. घरी त्या झुरळ मारत नाहीत. मला हाक मारतात आणि माझं काम उरकेपर्यंत भिंतीकडे बघत उभ्या राहतात. पण माइकसमोर उभं राहून त्यांनी "आत या ना, इथे कोणीही नाही," एवढं म्हटलं की चांगली धडधाकट माणसं खुर्चीत पाय वर घेऊन बसतात.

आमची कंपनी भीतीदायक व्हिडिओ गेम बनवते. खरं म्हणजे एकच गेम बनवते आणि त्याचेच भाग काढत बसते. नाव 'तळघर'. एक बंद पडलेलं हॉस्पिटल, त्याखाली तळघर, तळघरात चिखलाचा राक्षस. त्याला आम्ही ऑफिसात लाडाने चिखल्या म्हणतो. चिखल्याच्या मागावर एक इन्स्पेक्टर आहे. हा गृहस्थ अंगाने आडदांड, पण सबंध गेममध्ये त्याला एक दार स्वतःहून उघडता येत नाही. दार उघडून देते ती रेशीम.

रेशीम ही हेर. कोणाची, ते विचारू नका. राखाडी कोट घालून ती ऐन वेळी हजर होते, इन्स्पेक्टरच्या हातात किल्ली ठेवते, त्याच्या खिशातली औषधाची कुपी गुपचूप काढून घेते आणि जाताना बाहेरून कडी लावते. पुढच्याच जिन्यावर त्याच्या मानगुटीवर बसलेल्या चिखल्याला तीच गोळी घालते. तीन भाग हेच चाललंय. लोक तिच्यावरून जीव ओवाळून टाकतात आणि तिला शिव्याही घालतात, बरेचदा एकाच दमात.

तर रेशीमचा आवाज म्हणजे आमच्या सासूबाई. आणि तो आवाज रेकॉर्ड करणारा, साफ करणारा, गेममध्ये बसवणारा मी. चिखल्याचं चावणंही माझंच आहे. ओला टॉवेल पिळता पिळता कोबी फोडायचा. पण त्याबद्दल मला अजून एकाही माणसाने प्रेमपत्र लिहिलेलं नाही.

सासूबाई या धंद्यात आल्या त्या माझी तक्रार करायला. मी रोज उशिरा घरी येतो, त्यांची मुलगी ताटकळते, म्हणून एक दिवस त्या थेट ऑफिसात येऊन आमच्या मॅडमसमोर उभ्या राहिल्या. मॅडम म्हणजे कंपनीच्या मालकीण, वयाने माझ्याहून लहान आणि आवाजाने माझ्या दुप्पट. सासूबाई अगदी हळू, अगदी गोड म्हणाल्या, "मी तुम्हाला काहीही करणार नाही. फक्त यांना वेळेवर घरी सोडत जा." मॅडमच्या हातातला पेन खाली पडला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना नोकरी होती आणि मी त्या दिवसापासून आणखी उशिरा घरी जाऊ लागलो, कारण आता त्याही तिथेच असायच्या.

आवाज त्यांनी कमावला होता बस स्टँडवर. सगळी नोकरी तिथे घोषणा देण्यात गेली. गाडी रस्त्यात बंद पडून आडवी झाली आहे हे समोर लिहून आलेलं असायचं आणि त्या म्हणायच्या, "प्रवाशांनी कृपया थांबावं, गाडी थोड्याच वेळात येत आहे." लोक थांबायचे. म्हातारी माणसं, पोराबाळांच्या आया, सगळे निवांत पिशव्यांवर बसायचे. कोणाला फसवलं असं सासूबाईंना कधी वाटलं नाही. "गाडी आली नाही हे खरं," त्या म्हणतात, "पण तोवर माणसं शांत होती की नाही?" यावर काय बोलणार? मी कानाला खडा लावलाय.

पहिल्या रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, "'माझ्यावर विश्वास ठेव' हे मी खरं म्हणतेय की खोटं?"

आमच्या लेखकाला वाटत होतं की रेशीम कोणत्या बाजूची ते मॅडमनी ठरवलंय. मॅडमना वाटत होतं की ते लेखकाला माहीत असणार, नाहीतर तो लेखक कसला? हा लेखक दाढी वाढवून हिंडतो, भुताखेतांबद्दल भारदस्त बोलतो आणि जिन्यातला दिवा गेला की मला हाताला धरून खाली न्यायला लावतो. त्याने दाढी खाजवली आणि म्हणाला, "काकू, सध्या दोन्ही घेऊन ठेवू. एकदा खरं, एकदा खोटं. मग बघू."

ते 'मग' काही उजाडलं नाही. आमच्याकडे तोच रिवाज पडला. रेशीमचं प्रत्येक वाक्य दोनदा, एक खरा टेक, एक खोटा. किल्ली देतानाचं, कडी लावतानाचं, नुसतं "हं" म्हणतानाचंसुद्धा. त्यातला कुठला घ्यायचा, ते दुसरं कोणीतरी बघतंय असं जो तो समजत होता. बघत मी होतो.

आणि मी कसं ठरवायचो? त्यात डोकं नव्हतंच. रेकॉर्डिंगच्या आधी सासूबाई काही खात नाहीत, भरल्या पोटी आवाज जड होतो म्हणून. आमचा माइक इतका तिखट कानाचा की त्यांच्या पोटात गुरगुरलं तर चिखल्या खोकल्यासारखं ऐकू येतं. ज्या टेकमध्ये गुरगुर नाही तो मी घ्यायचो. बस. तीन भागांत रेशीम कधी खरं बोलली आणि कधी खोटं, हे त्यांच्या आतड्यांनी ठरवलेलं आहे.

बाहेर मात्र लोक हिरीरीने भांडत होते. दोन तट पडले होते, 'रेशीम आपली' आणि 'रेशीम त्यांची'. एका विद्वानाने लांबलचक लेख लिहिला की दुसऱ्या भागात "तू जा, मी येते" म्हणताना तिचा आवाज केसभर थरथरतो, सबब तिचं इन्स्पेक्टरवर प्रेम आहे. त्या वेळी सासूबाई शिंक दाबत होत्या. मी तो लेख त्यांना वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "असेलही."

माझ्याशीही त्या अशाच. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना आई म्हणतो, त्या मला जावईबापू म्हणतात. मी केलेला चहा पिऊन "छान झालाय" म्हणतात, आणि तो छान झालाय की नाही ते मला आजतागायत कळलेलं नाही.

चौथ्या भागाचं काम सुरू झालं आणि मॅडमनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "या वेळी लोकांना उत्तर द्यायचं. किती ताणायचं? रेशीम फितूर निघते आणि शेवटी चिखल्या तिला मारतो. विषय संपला."

सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत होत्या. "बरं," म्हणाल्या. पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा एकदा म्हणाल्या, "बरं."

घरी आल्यावर त्यांनी पंखा पुसायला काढला. आमच्या घरात त्यांचा राग पंख्यावर निघतो, हे मला ठाऊक आहे. पण पाती पुसून झाल्यावर त्या स्टुलावरून उतरल्या आणि खिडकीत जाऊन बसल्या, तेव्हा बायकोने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"बाबा गेल्यावर आई तिथेच बसायची," ती म्हणाली. "सकाळी बसली की दिवे लागेपर्यंत. रस्त्यावर बघायची पण नाही, नुसती बसायची. त्या तुमच्या भुतांनी तिला उठवलं. आता तू काहीतरी कर."

"मी काय करू? मी कोबी फोडणारा माणूस."

"तुझ्या गेममधल्या त्या इन्स्पेक्टरसारखं नुसतं दारापाशी उभं राहू नकोस, एवढंच कर."

हे मनाला लागलं, कारण त्या इन्स्पेक्टरचं धापा टाकणंही माझंच रेकॉर्ड केलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी छाती पुढे काढून मॅडमसमोर गेलो. म्हटलं, रेशीम फितूर आहे हे तीन भागांत कुठेच सिद्ध होत नाही, लोक आपल्याला फाडून खातील. मॅडम म्हणाल्या, मग काढ. तिची सगळी वाक्यं काढ आणि कुठे खोटं बोलली ते दाखव. लेखकही खुर्ची सरकवून उत्सुकतेने बसला, कारण त्यालाही ते जाणून घ्यायचं होतं. मी वाक्यं लावत गेलो. किल्ली देते ते खरं. कडी लावते तेही खरं. इन्स्पेक्टरचा जीव वाचवते ते खोटं. एकट्याने आरशात बघून "मी दमले" म्हणते ते साफ खोटं.

"एकटी असताना कोणाशी खोटं बोलतेय ती?" लेखक ओरडला. "कोणी निवडलं हे?"

मग मला पोटाची सगळी गोष्ट सांगावी लागली.

मॅडम हसायला लागल्या त्या इतक्या की त्यांना ठसका लागला आणि लेखकाने पाठीवर थापट्या मारल्या. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "हे बाहेर कळलं ना, तर आपल्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आता तर तिला मारायलाच हवं. लवकरात लवकर." मी वाचवायला गेलो आणि फाशीची तारीख अलीकडे ओढून आलो. बायकोला हे सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला, मग माझ्याही कपाळावर मारला.

रेशीमच्या मरणाचं रेकॉर्डिंग सकाळी ठेवलं होतं. आमच्या खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. वर किंकाळ्या सुरू झाल्या की खाली खुर्चीत बसलेला पेशंट तोंडातल्या कापसासकट पळ काढतो, म्हणून डॉक्टरांनी आमच्या हातापाया पडून किंकाळ्यांसाठी दवाखाना उघडण्याआधीची सकाळची वेळ ठरवून घेतलेली आहे. मी जिना चढत होतो तर सासूबाई मधल्या पायरीवर बसून डबा खात होत्या. सावकाश, एकेक घास चावून. रेकॉर्डिंगच्या आधी त्यांना खाताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

"आई, आवाज जड होईल."

"होऊ दे." त्यांनी डबा पुसून बंद केला. "लेखकाने मला सगळं सांगितलंय. इतकी वर्षं तुम्ही माझ्या पोटाचं ऐकून ठरवत होतात. आज ते काही बोलणार नाही. आज तुमचं तुम्हीच ठरवा, जावईबापू."

मला वाटलं, रागावल्या. मी काही म्हणायच्या आत त्या उठून वर गेल्यासुद्धा.

आमची रेकॉर्डिंगची खोली म्हणजे जुन्या गाद्या भिंतीला ठोकलेलं एक मोठं कपाट आहे. त्या आत उभ्या राहिल्या. काचेच्या अलीकडे मी, मॅडम आणि लेखक. प्रसंग असा: इन्स्पेक्टर दाराबाहेर पडलाय, रेशीमने आतून कडी घातली आहे, चिखल्या मागे उभा आहे. ती म्हणते, "तू हो पुढे." आणि मरते.

"आधी कुठलं घेऊ?" सासूबाईंनी विचारलं. "खरं की खोटं?"

"काकू," लेखक म्हणाला, "मरण एकच असतं."

"आपण सगळं दोनदा घेतो," त्या म्हणाल्या. मॅडमनी घड्याळाकडे बघून हात हलवला, घ्या एकदाचं.

त्यांनी आधी खोटं घेतलं. काय सांगू! "तू हो पुढे," असं म्हणून त्या ज्या किंचाळल्या, त्यात तीन वेळा मेल्या आणि दोन वेळा उठून पुन्हा मेल्या. मध्येच विव्हळल्या, कोणालातरी शाप दिला, खाली कोसळल्या, आणि शेवटी एक लांब उसासा सोडला, त्यात मला स्पष्ट ऐकू आलं की ही बाई पुढच्या खोलीत जायला निघाली आहे. खाली धडाधड पावलं वाजली. डॉक्टर हातात पक्कड घेऊन धावत वर आले, दारात थबकले आणि "आज पहिल्याच पेशंटला लवकर बोलावलं होतं हो," एवढंच म्हणून हताशपणे परत गेले.

मग त्यांनी खरं घेतलं.

"तू हो पुढे," त्या म्हणाल्या. अगदी साधं, घरातून कामावर जाणाऱ्या माणसाला म्हणावं तसं. मग एक छोटा श्वास आत गेला. ओठ सुटल्याचा आवाज आला, काहीतरी मागायचं असावं तसा. आणि मागितलं नाही. बस, पुढे काही नव्हतं. मीटरचा काटा खाली आला आणि तिथेच राहिला, आणि मी रेकॉर्डिंग थांबवायचं विसरलो.

लेखकाने तोंड फिरवलं. मॅडम उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि माझ्याकडे न बघता घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "नेहमीसारखंच. साफ असेल तो घे."

दोन्ही साफ होते. कुठे हूं नाही की चूं नाही.

मी दिवसभर दोन्ही ऐकत बसलो. दुसरा टेक लावला तर असं काम आमच्या कंपनीतच काय, कुठेच कधी झालं नसेल. लोक रडतील. आणि रेशीम मरेल, नक्की मरेल, तो श्वास ऐकून कोणालाही शंका उरणार नाही, आणि सासूबाई खिडकीत जाऊन बसतील. पहिला लावला तर ज्याला कान आहेत त्याला कळेल की ही मेलेली नाही, आणि माझी नोकरी बहुधा जाईल. मला सासूबाई खिडकीत नको होत्या. ऑफिसात कोपऱ्यातल्या खुर्चीत हव्या होत्या, चष्मा पुसत. चहा छान झाला की नाही ते कधीच कळलं नाही तरी चालेल, पण त्यांनी तो पीत राहायला हवा होता. मी पहिला टेक बसवला.

दोन दिवसांनी मॅडमनी तो प्रसंग मोठ्या पडद्यावर लावून बघितला. किंकाळी संपली. उसासा संपला. मॅडमनी मान वाकडी केली.

"ही मेलेली नाही."

"स्क्रिप्टमध्ये मेलीय," मी म्हटलं.

"गाढवा, मला काय ऐकू येत नाही? मरतानासुद्धा थापा मारतेय ती!" त्या उठून येरझारा घालू लागल्या. मग मध्येच थांबल्या. "मरताना कोणाला थाप मारतेय? इन्स्पेक्टरला की चिखल्याला?"

मी लेखकाकडे बघितलं. लेखकाने मॅडमकडे बघितलं. कोणालाच माहीत नव्हतं. लेखकाच्या दाढीत हळूहळू हसू पसरलं, कारण त्याला पुन्हा एकदा काही न ठरवता राहता येणार होतं. "त्या खोलीला मागे एक दार ठेवू या," तो म्हणाला. मॅडमनी टेबलावर हात आपटला, मला सगळ्यांदेखत बिनडोक, आगाऊ आणि नशीबवान म्हणाल्या, आणि पाचव्या भागाला काकू मोकळ्या आहेत का ते विचारून यायला सांगितलं.

सासूबाई खाली दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. शेजारी गाल सुजलेला एक माणूस होता. "डॉक्टर थोड्याच वेळात बोलावतील," त्या त्याला सांगत होत्या, "काही दुखत नाही." तो माणूस निवांत झाला होता. त्याला आत नेलं, मग मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं त्या हसतील, निदान डोळ्यांत तरी काही दिसेल.

"बरं," त्या म्हणाल्या. आणि मग, "दुसरं कुठे ठेवलंय?"

"कॉम्प्युटरवर आहे. सांभाळून ठेवलंय."

"पुसून टाका."

"आई, असा टेक परत मिळायचा नाही."

"नकोच मिळायला. तो माझा नाही, ह्यांचा आहे." त्या हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या. "हे गेले तेव्हा तुम्ही दोघं औषध आणायला गेला होतात. खोलीत मी एकटी. ह्यांनी पाणी मागायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात... ते मी कोणाला सांगितलं नाही, हिलासुद्धा नाही. सांगता येईना. म्हटलं, निदान एकदा कोणीतरी नीट ऐकावं. तुम्ही नीट ऐकता. ऐकलंत ना?"

"ऐकलं, आई."

"मग झालं. ते घरचं आहे, ते इथे नको."

मी वर गेलो. फाइल समोर घेतली, बोट कळीवर ठेवलं आणि बसून राहिलो. आवाजाच्या माणसाला असं काही पुसायला सांगू नये. हात धजावेना. मी तसाच खाली आलो.

"पुसलं," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा वर केला आणि माझ्याकडे जरा वेळ बघितलं. आतून डॉक्टरांच्या मशीनची घरघर येत होती.

"हा खोटा झाला," त्या म्हणाल्या. "आता खरा द्या."

मी पुन्हा जिना चढलो. हेडफोन लावले, एकदा शेवटपर्यंत ऐकलं, आणि पुसून टाकलं. मग तिथेच गाद्यांच्या कपाटात शिरून रडलो, कारण आमच्या ऑफिसात तेवढ्या एकाच जागी बाहेर आवाज जात नाही.

खाली आलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. मी बसलो.